न बघता घेणारा

डोळे साथ देईनात म्हणून टेलरकाकांनी शिलाई मशीन ऑनलाइन विकायला काढलं आणि त्यांच्या नाकी नऊ आले. एक म्हणे, पैसे पाठवतो, आधी कोड स्कॅन करा; दुसऱ्याला ओटीपीच हवा होता. लेकीने बजावलं, "बाबा, न बघता, घासाघीस न करता घेतो म्हणणारा भामटाच समजा. सरळ ब्लॉक करा."

संध्याकाळी मेसेज आला, 'सांगाल तो भाव. बघायचीही गरज नाही. फक्त दुसऱ्या कुणाला देऊ नका.'

"आला आणखी एक!" म्हणत काकांनी वैतागून त्यालाही ब्लॉक केलं.



स्वयंपाकघरात काकूंनी शेजारणीचा फोन तिला परत दिला. "घे बाई. मशीन घरातच राहील म्हटलं, तर ह्यांनी मलाच ब्लॉक केलं."