पोटातला बोल्ट

मशीनच्या पोटातला बोल्ट आवळायला हात घालायचा कुठून, हे मिस्त्रींना दोन दिवस उमगेना. शेवटी ते डिझायनर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी स्क्रीनवर मशीन गरागरा फिरवलं आणि पाना सरळ पत्र्यातून आरपार नेला. पत्र्याने हूं की चूं केलं नाही.

“जातोय की. तुम्ही उगाच बाऊ करता.”

मिस्त्री खाली आले आणि त्यांनी बाजूच्या पत्र्याला हात जाईल एवढं भोक पाडलं.

दुपारी साहेब जातीने आले. भोकातून हात घालून बोल्ट आवळून मोकळे झाले.

“बघा, जातो की नाही हात?”

मग त्यांनी ड्रॉइंग उलगडून सगळं मशीन बारकाईने ताडून पाहिलं.

“बाकी झकास. एवढं भोक मात्र ड्रॉइंगमध्ये नाही. बुजवून टाका.”