अर्धी दुभाषी

"ह्लेब," असं म्हणून मोहनाने पावाची थाळी पुढे केली, आणि झाग्रेबहून आलेल्या डावोरने हात मागे घेतला.

"पावाला आम्ही क्रुह म्हणतो," तो म्हणाला. "ह्लेब सर्बियन लोकांचा. ही बाई सर्बियन बोलते. मला क्रोएशियनचा दुभाषी हवाय."

शेजारी बसलेला बेलग्रेडचा मिलोश मिशीत हसला. बडोद्याजवळ वाघोडियाच्या कारखान्यात नवी प्रेस उभी करायला दोघे बरोबरच आले होते. सकाळपासून आपसात अखंड बोलत होते, एका शब्दाला अडलं नव्हतं.

"साहेब काय म्हणाले?" मॅनेजर जयवंतरावांनी विचारलं.

आता हेही तिनेच सांगायचं! मोहनाने दात आवळून शब्दन् शब्द मराठीत सांगितला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ती बेलग्रेडला शिकली तेव्हा या भाषेला एकच जोडनाव होतं, सर्बो-क्रोएशियन. पुढे देश फुटला, नावही फुटलं. ठीक आहे, आपल्या भाषेला ज्याने त्याने हवं ते नाव द्यावं. पण जन्मभर कमावलेली भाषा एका पावावरून अर्धी हिसकावून घ्यायची, ही कुठली रीत?

"मोहनाबेन, मनाला खोटं नका लावून घेऊ," जयवंतराव म्हणाले. "क्रोएशियनवाला दुसरा कोणी गोतून आणू. तुम्ही फक्त मिलोशसाहेबांचं बघा."

"पुण्यात लोक 'शोधून' म्हणतात, तुमच्या या बडोदी 'गोतून'ला हसतात, जयवंतराव. म्हणून तुमच्याशी बोलायला ते दुभाषी घेऊन येतात का?"

"ते खरं, पण साहेब रुसले तर प्रेस कोण चालू करणार, बेन?"

मिलोशला मात्र राहवलं नाही. "तुमची क्रोएशियन म्हणजे आमचीच भाषा, नवी टोपी घातलेली!" तो डावोरला म्हणाला.

डावोर ताडकन उठला. खुर्ची आडवी झाली. मग जी जुंपली! एकाची शिवी संपायच्या आत दुसऱ्याचं उत्तर तयार. कँटीनमधले कामगार डबे तसेच ठेवून बघत राहिले.

"अरे, काय म्हणतायत?" जयवंतराव कासावीस झाले. "सांगा ना, बेन!"

मोहनाने हाताची घडी घातली.

"मिलोशसाहेबांनी डावोरसाहेबांच्या आईचा उद्धार केला."

"आणि डावोरसाहेब?"

"ते मला कसं कळणार?" मोहना म्हणाली. "ते क्रोएशियनमध्ये बोलले."