दोन चोरांचं कोडं

"बस पूर्ण रिकामी असली की तुझा प्रोग्राम प्रवाशालाच पैसे देतो," मॅडम म्हणाल्या. "आणि तुझ्या मैत्रिणीचाही देतो. नेमकी तीच चूक, त्याच जागी."

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. तिला आलं नाही. आपल्या प्रोग्राममध्ये असली चूक? शक्यच नाही. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तशी ती पाल तिच्याकडे कायमची मुक्कामालाच होती. वाढदिवसाची भेट मिळाली तरी ती आधी विचारायची, काय काम आहे बोल. घरी धाकटा भाऊ तिला फौजदार म्हणायचा आणि कॉलेजातही तेच नाव चिकटलं होतं.

खोली साधीच होती. लांब टेबल, भिंतीला टेकवलेल्या जास्तीच्या खुर्च्या, टेबलावर मॅडमचा फोन, त्यावर रेकॉर्डिंग चालू. मॅडम हार्डवेअर शिकवायच्या आणि कॉपीच्या प्रकरणांची चौकशीही त्यांच्याकडेच असायची. खिडकीशी अर्थशास्त्राचे सर बसून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता सायकलींचा स्टँड.

सर इथे कशाला? फौजदाराने मनात नोंद केली.

संगणकाच्या पदवीला तिसऱ्या वर्षी उपयोजित अर्थशास्त्र असायचं. बाकीची मुलं तो विषय कडू औषधासारखा घ्यायची. फौजदाराला मात्र तो मनापासून आवडायचा, कारण त्यात कुणीच कुणावर विश्वास ठेवत नसे. मागणी पाहून बसचं भाडं चढवणारा-उतरवणारा हा प्रोग्राम त्याच विषयाचा. दोन चोरांचं कोडंही त्यातलंच. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. दोघंही गप्प राहिले तर थोडक्यात सुटतात. पण एकाने तोंड उघडलं की गप्प राहणारा मेलाच. म्हणून शहाणा चोर बोलून मोकळा होतो.

"याचं प्रात्यक्षिक घेणार आहे," सर वर्गात म्हणाले होते. "पण कधी आणि कुठे, ते सांगणार नाही."

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "आत्ता कबूल केलंस तर फक्त या विषयात नापास. नाकारलंस आणि मागाहून सिद्ध झालं, तर आख्खं वर्ष जाईल. तुझी मैत्रीण आत्ताच येऊन गेली."

"काय म्हणाली ती?"

"ते मला सांगता येणार नाही."

फौजदाराला एकदम हायसं वाटलं. दोन चोर, दोघांची वेगवेगळी चौकशी आणि तीच अट! एका कंपनीने तिला आधीच निवडलं होतं आणि एकाही विषयात नापास झाली तर ती नोकरी हातची जाणार होती. खरी चौकशी असती तर मेली तरी कबूल झाली नसती ती. पण तिने कुणाचं काही उतरवलंच नव्हतं. मग ती खुळी चूक आली कुठून? सरांनीच घुसवली असणार.

तिने खिडकीकडे बघून हळूच हसून पाहिलं. सरांनी मान खाली घातली. नट बरे आहेत, तिला वाटलं.

आता प्रश्न उरला मैत्रिणीचा. तिला सगळे गोगलगाय म्हणत. हळू चालायची, कमी बोलायची, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पहिल्या वर्षापासून दोघी एकाच खोलीत राहत होत्या. पण गोगलगाय नि पोटात पाय, असं लोक काय उगाच म्हणतात? गेला आठवडाभर ती नजर चुकवत होती. फौजदार खोलीत शिरली की लॅपटॉप मिटायची. काल तर जेवता जेवता म्हणाली, "तू माझ्यावर कधी रागावलीस तर?"

"कशाबद्दल?"

"काही नाही गं, असंच."

काल कळलं नव्हतं, आता लख्ख कळलं. बाईसाहेबांना प्रात्यक्षिकाचा सुगावा आधीच लागला होता. आणि मगाशी आत येऊन तिने आपलं नाव घेतलं असणार. फौजदाराला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. पण कोडं दोघी एकाच बाकावर बसून शिकल्या होत्या. गप्प राहून मरायचं कुणी?

"कबूल आहे, मॅडम," ती म्हणाली. "दोघींनी मिळून केलं. कल्पना तिची होती, मी साथ दिली."

मॅडमचा चेहरा उतरला. "नीट विचार कर. एकदा बोललीस की माघार नाही. कुणी दबाव आणलाय का तुझ्यावर?"

"नाही. आम्ही दोघींनीच केलं."

मॅडमनी रेकॉर्डिंग बंद केलं. सर पहिल्यांदाच बोलले. "तू असं काही करशील असं मला वाटलं नव्हतं."

सरांची शाबासकी द्यायची तऱ्हा अशीच आडवळणाची होती. फौजदार मान ताठ ठेवून बाहेर पडली.

बाहेरच्या बाकावर गोगलगाय बसली होती. डोळे सुजलेले, नाक लाल.

"पुरे झालं आता नाटक," फौजदार तिच्या शेजारी बसत म्हणाली. "तू माझं नाव घेतलंस, मी तुझं घेतलं. फिटंफाट. प्रात्यक्षिक संपलं."

"कसलं प्रात्यक्षिक?"

"दोन चोरांचं. सरांनी रचलं होतं ना सगळं?"

"सरांनी तक्रार केलीय, अगं. खरोखरची." गोगलगायीने नाक पुसलं. "तू आत काय सांगितलंस?"

फौजदाराने वळून बंद दाराकडे पाहिलं.

"तू झोपली होतीस तेव्हा मी तुझा प्रोग्राम चोरला, तुला यातलं काहीच माहीत नाही, असं सगळं सांगून आले होते मी," गोगलगाय म्हणाली. "तू नुसतं नाही म्हणायचं होतंस गं."