तळापासून

समाधान खुर्चीच्या कडेला एका अंगावर कलून बसला होता, पण ऐट अशी की डॉक्टरच त्याच्याकडे काम मागायला आल्यात.

"ही मिसेस," तो म्हणाला. "हिला काही विचारू नका. थर्मामीटर उलटा धरते."

आम्रपालीला वाक्य लागलं, पण आता थोड्या दिवसांचाच प्रश्न होता. ऑपरेशन व्हायचं, तो उठून बसायचा आणि रविवारी ती कसबा पेठेत पायलच्या खोलीवर राहायला जायची, ती कायमचीच. पायल तिच्याच कॉलेजच्या ऑफिसात होती. तिने अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. तो आडवा असताना निघणं मात्र आम्रपालीला नको होतं. आजारी नवऱ्याला टाकून गेली, हे वाघोलीच्या त्यांच्या सोसायटीने जन्मभर चघळलं असतं. आणि खरं सांगायचं तर तिचं तिलाही ते पटत नव्हतं.

डॉ. ऋतुजा साने हातमोजे काढून टेबलाशी आल्या.

"माकडहाडाच्या वरच्या खाचेत केस आत शिरलेत. आत पोकळी झालीय, तिला फाटे फुटलेत. तुम्ही दिवसभर कॅब चालवणार, म्हणजे नेमके त्यावरच बसणार. दोनदा पू काढून दिला. तिसऱ्यांदा मी काढत बसणार नाही."

"माझ्या मित्रानं लेझर केलं. लगेच ड्यूटीवर."

"तुम्हालाही करता येईल. बारीक छिद्रातून केस काढायचे, पोकळी आतून लेझरने जाळायची. जखम छोटी, दुखणं कमी. पण इतके फाटे असताना परत उद्भवायची भीती जास्त. दुसरं म्हणजे उघडं ऑपरेशन. खराब भाग सगळा कापून काढायचा आणि जखम उघडीच ठेवायची, तळापासून भरत वर येईपर्यंत. दीड-दोन महिने धरा. टाके घालून बंद करायचीही पद्धत आहे, पण एवढा पू असताना मी ती करणार नाही. उघड्यातही परत होतच नाही असं नाही. तरी तुमच्या बाबतीत मला ते जास्त खात्रीचं वाटतं."

"लेझरच बरं," आम्रपाली म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "उघड्याला आणखी एक गोष्ट लागते. रोज जखम धुऊन आत गॉजची पट्टी भरावी लागते. पेशंटला तिथलं दिसत नाही, हातही पोचत नाही. घरात कुणीतरी लागतं."

समाधान हसला.

"मग उघडंच करा. बायको आहे की घरात."

आम्रपाली बघतच राहिली. काल झोपेपर्यंत लेझर, लेझर म्हणून डोकं खाणारा हाच माणूस. साधी सुई टोचायची तर भिंतीकडे तोंड करणारा.

"अहो, पण तुम्हीच तर म्हणत होतात..."

"मी पालथा झोपतो हल्ली," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पलंगाच्या कडेवरून मान खाली सोडून. पलंगाखालचं सगळं दिसतं मला. माळ्यावरची निळी बॅग खाली आलीय. रोज थोडी थोडी फुगतेय."

तिची कानशिलं तापली. सगळ्या घरात तिला तीच जागा सुरक्षित वाटली होती. त्याला वाकता येत नाही, एवढाच विचार तिने केला होता. त्याला वाकायची गरजच पडली नव्हती.

"आता कुठं जाते ते बघू," समाधान म्हणाला.

तिला त्याचा इतका राग आला की रडू कोसळेल असं वाटलं. पण रडू आलं नाही. ती डॉक्टरांकडे वळली.

"मला शिकवा. आत्ताच. परवा पू काढलेली जागा उघडीच आहे ना?"

"आहे. आजचं ड्रेसिंगही व्हायचंय." डॉक्टरांनी समाधानला विचारलं, "यांनी केलं तर चालेल?"

"चालेल की. सवय होऊ दे तिला."

तो पडद्यामागच्या टेबलावर पालथा झाला. आम्रपालीने हात धुतले, मोजे चढवले. डॉक्टरांनी तिच्या हातात चिमटा दिला आणि ओली, लांब पट्टी दिली.

"आधी तळ. कोंबायचं नाही, पण कोपरा एकही सोडायचा नाही. वरवर केलंत तर कातडी वरून बुजते आणि आत सगळं तसंच राहतं. मग पुन्हा पहिले पाढे."

"दुखेल त्यांना?"

"दुखेल."

आम्रपालीने पट्टीचं टोक आत सरकवलं. थर्मामीटर उलटा धरणारा हात जराही हलला नाही.

"हळू," समाधान म्हणाला.

"हळूच करतेय."

ते खरंच होतं. ती फार हळू करत होती. डॉक्टर शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "बरोबर," एवढंच त्या म्हणाल्या.

"हे रोज असंच?" समाधानने टेबलाची कड पकडली होती.

"रोज. कॉलेजला जायच्या आधी. रविवारी सुट्टी असते मला. रविवारी सावकाश करीन."

तिने पट्टी आणखी थोडी आत सरकवली. मग त्याने उशीत तोंड खुपसलं आणि तिथूनच काहीतरी पुटपुटला.

"नीट बोला, ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"लेझरच करा म्हणतोय. जाऊ दे तिला, कुठं जायचं तिथं."

डॉक्टरांनी आम्रपालीकडे पाहिलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं. रविवार तिचा होता. पट्टीचं वीतभर टोक अजून बाहेर लोंबत होतं. उरलेलं काम घ्यायला डॉक्टरांनी हात पुढे केला.

आम्रपालीने चिमटा दिला नाही.

"हलू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "अजून तळ लागलेला नाही."