लीलाबाईचा बांध

जेसीबीच्या पुढ्यात लीलाबाई बांधावर बसली ती उठेचना. घोटावड्याच्या नदीकाठचा हा बांध तिच्या नवऱ्यानं हयातभर माती टाकून चढवला होता, आणि आज तो दोन फूट उतरवायचा होता. संमतीच्या कागदावर सही तिच्या लेकानं, शेखरनं केली होती. म्हातारीला विचारायचं मात्र सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं. घ्या आता.

"काकी, ऐका तरी," निरंजन म्हणाला. हा गावातलाच इंजिनियर, हॉलंडला जाऊन पाण्याचं शिकून आलेला. "त्या देशाची कितीतरी जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. शेकडो वर्षं त्यांनी बांधच चढवले. शेवटी कळलं, नदीला एकीकडं दाबलं की ती दुसरीकडं घुसते. आता ते आपणहून बांध उतरवतात, तिला पसरायला जागा देतात."

"मंग दे की तुज्या वावरात जागा," लीलाबाई म्हणाली.

निरंजनकडं वावरच नव्हतं. पण समोरच्या काठाला खालची आळी होती. गेल्या पावसाळ्यात तिथं कमरबीच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. बिचारीचं शिलाई मशीन चिखलातून उकरून काढावं लागलं. बांध उतरला नाही तर यंदाही तेच होणार होतं.

लीलाबाईला हे ठाऊक होतं. कमरबीचं तिला वाईटही वाटत होतं. पण तिचं पोट या वावरावर होतं, आणि पोटापुढं वाईट वाटणं कितीसं टिकणार?

"पानी किती दिस ऱ्हाईल?" तिनं विचारलं.

"चार-पाच दिवस. भात गेलं तर भरपाई आहे." निरंजन घुटमळला. पुढचं सांगायची त्याला खरं तर धास्तीच होती. "आणि पाणी सावकाश येणार ना, त्यामुळं गाळ मागं राहील. चांगला चार बोटं. पण तुम्ही काळजी करू नका काकी, आम्ही तो उचलून नेऊ. तसं लिहूनच दिलंय."

"काय नेनार? गाळ?"

"सगळा."

"खबरदार हात लावशील तर." लीलाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "आरं, माजं म्हायेर धरनाच्या काठचं. पानी वसरलं की बाप गाळपेर करायचा. नांगर न्हाई, खत न्हाई, नुसता गाळात हरभरा टाकायचा. घाटं असं लागायचं की झाड भुईला टेकायचं." तिनं बांधाकडं एकवार नीट पाहिलं. "म्हंजी आमच्या ह्यांनी चाळीस वर्सं गाळच भाईर ठिवला म्हन की."

हॉलंडात हे निरंजनला कुणी शिकवलं नव्हतं.

लीलाबाई पदर खोचून जेसीबीवाल्यापाशी गेली.

"दोन फुटानं काय व्हतंय? तीन उतरव."