उंच राहिलेली ओळ

तपासनीस बाईंनी लाद्यांच्या ओळीच्या कडेवर आडवी पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा मधल्या खुणेपाशी थांबला नाही, सरकत टोकाला गेला. त्यांनी पाणसळ दोन हात पुढे नेली. तेच. आणखी पुढे. तेच.

"बघा मॅडम," घरमालक म्हणाला. "एखादी लादी वर आली असती तर मी चकार शब्द काढला नसता. इथे अख्खी ओळ वर आहे. आईच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून थेट बाहेरच्या दारापर्यंत. फडकं मारलं की पाणी अडतं. खुर्ची डुगडुगते. येणारा-जाणारा विचारतो, हे काय करून घेतलंत?"

ओळ काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी उंच होती. जास्त नाही.

"काय झालं इथे?" बाईंनी कंत्राटदाराला विचारलं.

"हात चुकला."

"चौतीस लाद्यांना? आणि प्रत्येक लादी तेवढीच वर? चुकलेला हात इतका सारखा चुकतो होय?"

कंत्राटदाराने लादीवरची धूळ अंगठ्याने पुसली.

गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत, गवंड्याच्या वजन लावलेल्या दोरीसारखा बिनचूक म्हणून. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही, असं त्याची गिऱ्हाइकं सांगत. गेल्या आठवड्यात घरमालकाने या ओळीचा फोटो सगळ्या वसाहतीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'हा बघा तुमचा ओळंबा.' तेव्हापासून त्याचा फोन मुका झाला होता. आज तक्रारीचा निकाल विरुद्ध गेला की परवानाही जाणार होता. एका वाक्यात तो सुटला असता.

खिडकीपाशी घरमालकाची आई बसली होती. ती कंत्राटदाराकडेच बघत होती. म्हणजे त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला.

कामाच्या दुसऱ्या दिवशी, मुलगा ऑफिसला गेल्यावर, तिने कंत्राटदारासाठी चहा आणला होता आणि कप टेबलाच्या कडेबाहेर हवेत ठेवून दिला होता. कप फुटला. तुकडे गोळा करायला तिने हात फिरवला, तोही भलतीकडेच. मग ती खालीच बसली. नजरेतलं मधलं सगळं गेलंय, म्हणाली, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, तेही जाईल.

"माझ्या पोराला सांगू नकोस रे बाबा. फार जीव आहे त्याचा माझ्यावर, म्हणून तर भीती वाटते. कळलं की मला एका जागी बसवून ठेवील. त्यापेक्षा माझं घर माझ्या पायांना कळेल असं काहीतरी कर."

त्याने काकूंना शब्द दिला. अनवाणी पायाला जाणवेल पण ठेच लागणार नाही, अशी उंची त्याने डोळे मिटून, चालून चालून ठरवली. लादी बसवायची, चालून बघायचं, काढायची, पुन्हा बसवायची. फरशी सपाट करणं त्याच्या हातचा मळ होता. या ओळीने मात्र त्याचा घाम काढला.

आणि आता सांगितलं तर काकू अडकणार होत्या, नाही सांगितलं तर ओळ जाणार होती. इकडे आड, तिकडे विहीर.

"तर मग निकृष्ट काम असं लिहिते," बाई म्हणाल्या. "सगळी ओळ उखडून सपाट करून द्यायची. सुरुवात आजच, माझ्यासमोर. मान्य?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"मान्य," तो म्हणाला आणि सही केली.

पिशवीतून त्याने छिन्नी-हातोडा काढला. न्हाणीघराच्या दाराशी गुडघे टेकले. छिन्नी सांध्यावर धरली. घाव बसला. लादीच्या कोपऱ्याचा टवका उडाला.

"थांब!"

आई उठली होती. ती चपला काढून दोन पावलं चाचपडली. तळव्याला ओळ लागली तशी मान वर करून सरळ चालत आली, मुलासमोर थांबली.

"त्याचा हात चुकला नाही. मला दिसत नाही रे. मी करून घेतलंय हे."

कंत्राटदाराने हातोडा खाली ठेवला.

"कधीपासून?" मुलाने विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू मला फार जपलं असतंस. मला अजून चालायचंय."

मुलगा रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून बातम्या बघत असे. आवाज मोठा कर, एवढंच ती म्हणायची. त्याला वाटे, कान गेले. कंत्राटदाराकडे बघायची त्याला हिंमत होईना.

त्याने बूट काढले, मोजे काढले. आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन डोळे मिटले आणि निघाला. हात पुढे न करता न्हाणीघरापर्यंत गेला. तिथून बाहेरच्या दारापर्यंत. परत फिरला, ओळ सोडून डावीकडे वळला आणि तिसऱ्याच पावलाला चौकटीवर गुडघा आपटून कळवळला. कोणीही हसलं नाही.

तपासनीस बाई कागद फाडायच्या बेतात होत्या.

"फाडू नका मॅडम, तक्रार आहेच," गुडघा चोळत तो म्हणाला. "यांनी काम अर्धवट टाकलंय. ओळ स्वयंपाकघरापर्यंत नेलेलीच नाही."