सतरा नंबर

दिग्रसच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमधली मशीन अडली, की तिच्या पाटीवर नुसता आकडा यायचा. सतरा दिसला की गडी भूत पाहिल्यासारखे मेन स्विच पाडायचे आणि लोहाऱ्याहून मिस्त्री येईपर्यंत बिड्या फुंकत बसायचे.

माझी नात अर्पिता कॉलेजात कॉम्प्युटरची सी नावाची भाषा शिकते. मी तिले म्हटलं, "बाई, माणसाले समजत नाही ते मशीननं बोलावं कायले? मी चवथी शिकलेली. मले वाचता येईन असं लिही."

पोरीनं एकेका आकड्याजागी साधं मराठी बसवलं. पाटी लहान, म्हणून एका वेळी एकच वाक्य दिसे; ते गेलं की पुढचं.

दुसऱ्याच दिवशी मशीन अडली. पाटीवर सतराच्या जागी आलं, "कापूस अडकला आहे."

माझा लेक पंजाब गड्यांसमोर छाती फुगवून म्हणाला, "पाह्यलं का माय, माह्या पोरीनं मशीनले बोलतं केलं! आता मिस्त्रीचे नखरे कोण सहन करते?"

मग आलं, "हाताने काढा."

मशीन तर थांबलेलीच दिसत होती. बापानं लेकीचं ऐकलं, बाही सारली आणि हात आत घातला. कापूस सुटला, तशी मशीन फिरली. त्याची किंकाळी ऐकून गडी मेन स्विचकडे धावले.

 

तोवर पाटीवर शेवटचं वाक्य आलं होतं, "पण त्याआधी मशीन बंद करा."